पर्यावरण कायदा वर्गात शिकवायचा तरी कसा?

ओढ्याकाठची

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात शिकवते. यंदा तिसऱ्या वर्षाचा 'पर्यावरण संसाधन व्यवस्थापन आणि पर्यावरण कायदे' हा पेपर माझ्याकडे आलाय. वर्गात ६२ मुलं आहेत, निम्म्याहून जास्त शेतकरी घरांतली.

मागच्या आठवड्यात विचारलं, "पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा कशासाठी केला असेल?" पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "मॅडम, १९७४." मी म्हटलं, कधी नाही विचारलं, कशासाठी ते विचारलं. वर्ग गप्प.

आमच्या वर्गाच्या खिडकीतून ओढा दिसतो. वरच्या अंगाला कापड रंगवणारे कारखाने आहेत. त्या दिवशी ओढ्याचं पाणी जांभळं होतं. सगळ्यांना ते दिसत होतं, पण वहीतला १९७४ आणि खिडकीबाहेरचं पाणी यांचा काही संबंध आहे, असं एकालाही वाटलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या मनात आहे की पुस्तक बाजूला ठेवून थेट ओढ्यापासून सुरुवात करावी. पण अभ्यासक्रम पुरा होईल का, मुलं अडचणीत येतील का, आणि मुळात कुठून धरायचं, हे कळत नाहीये. ज्यांनी शिकवलंय, शिकलंय किंवा या कायद्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांनी लिहा.

बाभूळबन

छान धागा. वाचतोय.

शंकासूर

ताई, तळमळ पोचली, पण व्यवहाराचं बोलतो. मी १४ वर्षं शिकवतोय. परीक्षेत 'टीपा लिहा' येतं. ओढ्यावर नेलेल्या मुलाला टीप लिहिता आली नाही तर त्याचे मार्क जातात आणि पालक तुमच्याकडे येतात. शिवाय क्षेत्रभेट म्हणजे काय होतं, मी पाहिलंय. बस येते, बॅनर धरून फोटो होतो, आणि तो फोटो मूल्यांकनाच्या फायलीत जातो. आधी कलमं पक्की करून घ्या, बाकीचं नंतर.

काळा_डगला

शंकासूर, मी नेमकं उलटं म्हणेन. मी वकिली करते आणि माझ्याकडे उमेदवारीला येणाऱ्या मुलांना कलमं पाठ असतात. काय करायचं ते माहीत नसतं.

हा विषय तुमच्या वर्गात आला तोच मुळी एका खटल्यातून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण शिकवण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून पुन्हा न्यायालयात जावं लागलं, आणि मग पदवीला तो सक्तीचा झाला. मुलांना पहिल्या तासाला हेच सांगा. एका नागरिकाने न्यायालयात मागितलं, म्हणून तुम्ही इथे बसला आहात.

ओढ्यासाठी सुरुवात रतलामपासून करा. १९८० चा निकाल. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये उघडी गटारं आणि घाण होती. रहिवासी कुठल्या मोठ्या कायद्याकडे गेले नाहीत. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३, सार्वजनिक उपद्रव, एवढंच घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब ऐकून घेतली नाही. ते कलम आजही आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२ झालंय. मुलांना अर्जाचा मसुदा करायला लावा. एका पानाचा. त्यातच 'उपद्रव', 'सक्षम अधिकारी', 'पुरावा' हे सगळं शिकवून होतं.

टीवाय_बीएस्सी

मी विद्यार्थी आहे, त्यामुळे जपून लिहितो. शंकासूर सर, टीपा आम्ही आदल्या रात्री पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. पण गेल्या गणपतीत आमच्या सरांनी ध्वनिमापक यंत्र देऊन चौघाचौघांना चार चौकांत उभं केलं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, हे आकडे मला झोपेतही सांगता येतील, कारण इस्पितळाच्या फाटकाबाहेर रात्री साडेनऊला आमच्या यंत्रावर ९८ आला होता. आतल्या नर्सताईंनी खिडक्या लावून घेतल्या. इस्पितळाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, हे तेव्हाच कळलं.

त्या ढोलपथकात माझा सख्खा भाऊ होता. घरी काय झालं ते विचारू नका :)

बाभूळबन

@टीवाय_बीएस्सी, भावाचं काय झालं ते सांगच आता!

टीवाय_बीएस्सी

यंदा त्यांचं पथक इस्पितळापासून चौकापर्यंत ढोल खांद्यावरून उतरवून नुसतं चालणार आहे. त्यानेच पथकात विषय काढला. अजून थोडी वादावादी चालू आहे.

नमुनावाला

निवृत्त आहे. नोकरीची बरीच वर्षं नाल्यांचे आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने घेण्यात गेली. मॅडम, तुमचा ओढा जांभळा होता हे सगळ्यांना दिसलं. पण न्यायालयाला ते कसं दिसणार? इथे कायदा सुरू होतो.

१९७४ च्या कायद्याचं कलम २१ मुलांना गोष्टीसारखं सांगा. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना खटल्यात वापरायचा असेल, तर आधी कारखानदाराला किंवा त्याच्या माणसाला नोटीस द्यायची की हा नमुना तपासणीला जाणार आहे. मग त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्यांवर खूण, सील, आणि सह्या दोघांच्या, घेणाऱ्याचीही आणि देणाऱ्याचीही. एक बाटली प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रयोगशाळेकडे. त्याने मागणी केली तर दुसरी वेगळ्या, कायद्याने ठरवलेल्या प्रयोगशाळेकडे. यातली एक पायरी चुकली तर अहवाल कितीही वाईट आलेला असो, पुरावा म्हणून उभा राहत नाही.

एकदा पावसाळ्यात रात्री आम्ही एका फाटकावर दीड तास उभे होतो. आत निरोप गेला होता. फाटक उघडलं तेव्हा गटार धुतलेलं होतं आणि पाणी नितळ. तरी नमुना घेतला, तरी दोन भाग केले, तरी सह्या घेतल्या. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. ही गोष्ट मी कुठे लिहिलेली नाही, आज लिहितो. मुलांना कळू द्या की कायदा कागदावर चांगला असून चालत नाही, फाटक किती वेळात उघडतं यावरही तो अवलंबून असतो.

वर्गात करून बघा. दोन बाटल्या, लाख, दोरा, मेणबत्ती. एक मुलगा अधिकारी, एक कारखानदार, दोघे पंच. अर्ध्या तासात कलम २१ संपतं.

ओढ्याकाठची

नमुनावाला काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे मी उद्याच करणार. लाख आमच्या पोस्टातून मागून आणते.

एमआयडीसी_प्लॉट

माझा छोटा प्रोसेसिंगचा कारखाना आहे, ४० माणसं कामाला. धागा वाचताना वाईट वाटलं, म्हणून लिहितो. प्रत्येक रंगीत पाण्यामागे चोर असतो असं मुलांच्या मनात भरवू नका. माझं पाणी सामायिक प्रक्रिया केंद्राला जातं. तिथे पाठवण्याआधी मला ते स्वतः ठरावीक पातळीपर्यंत आणावं लागतं. रसायनं, वीज, गाळाची विल्हेवाट, सगळ्याचा खर्च मी करतो. माझ्या शेजारी कुणी रात्री टँकरने पाणी ओढ्यात सोडत असेल तर तो माझ्यापेक्षा स्वस्तात माल विकतो. कायदा पाळणाऱ्याचंच नुकसान होतं, हेही शिकवा.

आणि विनंती अशी की मुलांना फाटकाबाहेरून फोटो काढायला लावू नका, आत आणा. मी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र समोर ठेवतो. त्यात किती घनमीटर पाणी सोडायची परवानगी आहे आणि कोणत्या मर्यादेत, ते सगळं लिहिलेलं असतं. मीटरचा आकडा मुलांनी स्वतः वाचावा.

काळा_डगला

एमआयडीसी_प्लॉट यांना मनापासून +१. 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व १९९६ च्या वेल्लोरच्या निकालात चामड्याच्या कारखान्यांच्या संदर्भात आलं, आणि मुलं ते फक्त शिक्षा म्हणून लिहितात. प्रामाणिक कारखानदाराचं संरक्षणही त्यातच आहे, हे तुमच्या उदाहरणातून त्यांना लगेच कळेल.

नमुनावाला

संमतीपत्र वाचायला लावणं ही फार चांगली सूचना. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे. सामू (पीएच) ५.५ ते ९, बीओडी (जिवाणूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, तरंगते घन पदार्थ १००. सामूच्या पट्ट्या स्वस्त मिळतात, तो मुलं ओढ्यावरच बघू शकतात. बीओडीला तीन दिवस २७ अंशांवर नमुना ठेवावा लागतो. रसायनशास्त्राच्या विभागाला हाताशी धरा.

पाटकरी

धुळ्याकडचा. विषयात 'संसाधन व्यवस्थापन' पण आहे ना? सगळे कायद्यावरच घसरले, म्हणून लिहितो.

पुस्तकात हमखास एक गोष्ट असते. सामायिक कुरणावर प्रत्येकजण जास्त गुरं सोडतो आणि कुरण संपतं. मला कॉलेजात हेच शिकवलं आणि मी खरं मानलं. घरी आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपला फड इतकी वर्षं कसा चालला रे?"

पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, आणि कुठल्या फडात कोणतं पीक ते दर वर्षी ठरवून बदलतं. पाणी सोडायला पाटकरी. पाणी कमी असलं तर फडच कमी भिजवायचे, म्हणजे ज्याची जमीन त्या फडात आहे त्या सगळ्यांचंच कमी होतं, एकट्याचं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी, लोक नियम करून सामायिक साधन सांभाळू शकतात हे दाखवल्याबद्दल. वर्गात कुरणाची गोष्ट सांगाल तर फडाचीही सांगा. नाहीतर मुलं एवढंच शिकतात की माणूस मुळातच लोभी, मग कायदा करा नाहीतर विका.

मानशीकाठ

गोव्याहून. पाटकरी, आमच्याकडे अशीच खाजन शेती. खाऱ्या पाण्याला बांध आणि बांधात मानस, म्हणजे भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर करणारं दार. बांध सांभाळणं हे सगळ्यांचं काम होतं. ज्या ठिकाणी बांध फुटून तसाच राहिला तिथे आज तिवरं (खारफुटी) आलीत, आणि मग तिवरं तोडायला किनारपट्टीच्या नियमांची बंदी. शेतकरी म्हणतो माझं शेत परत द्या, कायदा म्हणतो हे आता तिवरांचं वन. दोघेही बरोबर. वर्गात वाद लावून द्या, तासभर कुणी घड्याळ बघत नाही.

खाणींचंही सांगते. २०१४ च्या निकालात लोहखनिज काढण्यावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. माझ्या वर्गात ट्रकमालकाची मुलगी होती आणि जिच्या विहिरीचं पाणी लाल व्हायचं ती मुलगीही. त्या दोघी एका बाकावर बसायच्या. निकाल मी वाचून दाखवला, पण त्या दिवशी खरा धडा त्या दोघींनीच शिकवला. एक म्हणाली, "बाबांच्या ट्रकाचा हप्ता कोण भरणार?" दुसरी म्हणाली, "आमची आई तीन वर्षं कळशी घेऊन टेकडी चढली." निकालातली खनिजं ही लोकांची ठेव आहे, ही कल्पना त्या दोघींच्या मध्ये ठेवून शिकवावी लागते.

मोहफूल

गडचिरोलीहून नमस्कार. आमच्याकडच्या मुलांना वन हक्क कायदा २००६ पुस्तकातून शिकवायला गेलो तर तीच मला शिकवतात. एकीच्या वडिलांनी ग्रामसभेच्या तेंदूपानाच्या लिलावात सही केलेली, दुसऱ्याच्या आजोबांचा दावा उपविभागीय समितीकडे अडकलेला.

आमच्याच जिल्ह्यातलं लेखा-मेंढा गाव सगळ्यांना माहीत असेल. १,८०० हेक्टरहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना वन खातं देईना. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क मिळणं आणि हक्क वापरता येणं यांत किती अंतर असतं, ते त्या परवाना पुस्तकाएवढं स्पष्ट कशानेच होत नाही.

अवांतर: वन संवर्धन कायदा १९८० चं नाव २०२३ च्या दुरुस्तीत बदललंय. जुनी नोट्स झेरॉक्स करणाऱ्यांनी बघून घ्या.

काळा_डगला

मोहफूल, बरं झालं काढलंत. याहून मोठी चूक बाजारातल्या गाईडांत अजून छापून येते. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, कलम १५, '५ वर्षं कैद किंवा १ लाख दंड'. जनविश्वास कायद्याने हे बदललं. १ एप्रिल २०२४ पासून तिथे कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. हवेच्या कायद्यातही तशीच दुरुस्ती झाली. हा बदल योग्य की अयोग्य, यावर मुलांना लिहायला लावा. माझं मत विचाराल तर कैदेची भीती कमी झाली हे मला पटलेलं नाही. पण कैदेचे खटले वर्षानुवर्षं पडून राहायचे, दंड निदान लवकर लावता येईल, असं म्हणणारे माझे सहकारी मूर्ख नाहीत.

जमाखर्च

वाणिज्य शाखेला पर्यावरण शिकवतो. मुलांना निसर्गाची कविता नको असते, हिशोब आवडतो. म्हणून मी पाण्याचा ताळेबंद मांडतो, हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दर वर्षी गावासमोर मांडायला सुरुवात केली तसा.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. गाव १,००० हेक्टरचं धरा, पाऊस ४०० मिलिमीटर. जमा बाजू ४०० कोटी लिटर. आता खर्च. १,३०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, ३६५ दिवस. फळ्यावर गुणाकार झाला की वर्गात कुजबुज सुरू होते. साधारण २ कोटी ६१ लाख लिटर. जमेच्या एक टक्कासुद्धा नाही! मग मार्चमध्ये टँकर का येतो? इथून पुढचे तीन तास मुलंच बोलतात. वाहून किती गेलं, वाफ किती झाली, मुरलं किती, उसाला किती, बोअर किती खोल गेले.

आणि मग कायदा आपोआप येतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आपल्या जमिनीखालचं पाणी हवं तितकं उपसायचा हक्क मालकाला दिलेला दिसतो. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला आडकाठी केली. एकीकडे माझी जमीन माझं पाणी, दुसरीकडे गावाची तहान. एका मुलाने तासाला सांगितलं, "सर, आमची बोअर त्या ५०० मीटरमध्येच आहे." वर्गात कुणी हसलं नाही. मी म्हटलं, बस, आज तू बोल.

शंकासूर

जमाखर्च यांचा प्रतिसाद वाचून मी माझं पहिलं म्हणणं थोडं मागे घेतो. ५५ गुणिले १,३०० मी स्वतः कागदावर करून बघितलं. १४ वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण एक शंका उरतेच. मुलांनी खऱ्या तक्रारी केल्या आणि कुणी दमदाटी केली तर? गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

काळा_डगला

शंका रास्त आहे. माझा नियम असा की विद्यार्थ्याच्या नावाने तक्रार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करायचाच तर शिक्षकाने किंवा संस्थेने करावा. महाराष्ट्रात तो एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. १५० शब्दांत नेमका प्रश्न विचारणं ही भाषेची परीक्षाच आहे. 'प्रदूषणावर काय कारवाई केली' असं मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं. 'अमुक दोन तारखांमध्ये या ओढ्याचे किती नमुने घेतले, त्यांच्या अहवालांच्या प्रती द्याव्यात' असं विचारा.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचं, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. मुलांना सुनावणी दाखवा. आणि मुदत पाठ करून घ्याच, इथे शंकासूर बरोबर आहेत. वादासाठी ६ महिने, भरपाईसाठी ५ वर्षं. मुदत हुकलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा त्यांना काय सांगायचं ते मला अजून जमत नाही.

चिकूवाडी

डहाणूचं उदाहरण कुणी कसं दिलं नाही? १९९१ च्या अधिसूचनेने आमचा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दोन दशकांहून अधिक काळ त्याचे अध्यक्ष होते. वाढवण बंदराला याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला आणि २०२३ मध्ये परवानगी. जागा तीच, समुद्र तोच. दोन्ही आदेश मुलांपुढे ठेवा आणि मधल्या २५ वर्षांत काय बदललं ते शोधायला सांगा. आमच्या घरात हे शोधणं रोज जेवताना चालतं.

बाभूळबन

वाचनखूण साठवली. ओढ्याचं पुढे काय झालं, ओढ्याकाठची ताई?

ओढ्याकाठची

सात आठवड्यांनी येतेय, माफ करा. परीक्षा होत्या.

बाटल्यांचा प्रयोग केला. कारखानदार झालेल्या मुलाने दुसऱ्या बाटलीवर सही करायला नकार दिला आणि वर्ग अडकला, आता काय? मग सगळ्यांनी मिळून कलम २१ पुन्हा वाचलं. कारखानदार मुद्दाम गैरहजर राहिला तर काय करायचं ते तिथे लिहिलंय, पण समोर असून सही नाकारली तर काय, ते थेट लिहिलेलं नाही, हे त्यांनी शोधून काढलं. मी एक शब्द बोलले नाही.

मग ओढ्यावर गेलो. उगमापासून गावापर्यंत साडेचार किलोमीटर चालत, दर ५०० मीटरला सामूची पट्टी. वरच्या वाडीपाशी ७, कारखान्यांच्या खाली ९ च्या वर. आणि एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. त्याच्या पुढे पुलाखाली पाण्याला सगळ्यात वाईट वास येत होता, आणि ते पाणी कारखान्यांचं नव्हतं. गावाचं सांडपाणी होतं. आमच्या वसतिगृहाचा पाईपही तिथेच सुटतो. मुलींनीच दाखवला. एमआयडीसी_प्लॉट, तुमची आठवण झाली.

प्राचार्यांना सांगितलं. ते स्वतः पुलाखाली येऊन पाईप बघून गेले. शोषखड्ड्याचा अंदाजपत्रकी खर्च मागवलाय. माहिती अधिकाराचा अर्ज मुलांनी लिहिला, १४८ शब्द, मी सही करून दिला, उत्तराची वाट बघतोय. एका स्थानिक कारखान्याने मुलांना आत यायला परवानगी दिली, दुसऱ्याने नाही.

'१९७४' म्हणणारा मुलगा काल स्टाफरूममध्ये आला. म्हणाला, "मॅडम, केंद्राचा कायदा ७४ चा, पण आपल्या महाराष्ट्राने १९६९ लाच पाण्याचा कायदा केला होता आणि १९७० ला मंडळ स्थापन झालं होतं. मग आपण आधी होतो तर ओढा असा का?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या तासाची सुरुवात त्याच प्रश्नाने करणार आहे.

जानेवारीत पुन्हा चालायचंय, तेव्हा बीओडीचे नमुनेही घेणार. नमुनावाला काका, काही सांगायचं असेल तर सांगा.

नमुनावाला

डोळे भरून आले, मॅडम.

बीओडीची बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. वरून खाली येऊ नका, खालून वर जा, म्हणजे तुमच्या पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येणार नाही. लेबलवर शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओली झाली की पसरते. आणि जानेवारीत जायच्या आधी इथे तारीख टाका. गुडघे बरे असले तर मी येतो.